कढईत उलथनं घासल्यासारखा आवाज: एका डाव्या चाकाचं प्रकरण

गाडी पाच दरवाजांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. वय सहा वर्षं. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मालकीणबाई कराडला शाळेत शिकवतात, घर चिपळूणला. शनिवारी दुपारी शाळा सुटली की पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि रविवारी संध्याकाळी तोच घाट चढून परत यायचं. आठवड्याला दोनेकशे किलोमीटर, त्यात घाट दोनदा. ब्रेकच्या दृष्टीनं हे कष्टाचं आयुष्य आहे, आणि पावसाळ्यात तर फारच.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या आमच्या गॅरेजवर पहिल्यांदा आल्या. आमच्या पोरानं जॉब कार्डावर लिहिलं, ‘ब्रेकमधून आवाज.’ डॉक्टरकडे जाऊन ‘पोटात दुखतंय’ म्हणावं, तसलंच हे वाक्य. पुढे विचारायला हवं होतं. मी विचारलं ते एवढंच, “सकाळी जास्त येतो का?” त्या म्हणाल्या, “हो, सकाळी येतोच.”

पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, सकाळी तांबूस थर दिसतो. डिस्क बिडाची असते, एका रात्रीत गंजते. पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर होते, पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे ठोकळे, तो थर पुसून काढतात आणि आवाज जातो. यात काही बिघाड नाही. मी तसं सांगितलं आणि तरीही एक चक्कर मारून आलो. चकरेत डावीकडून बारीक ‘चर्र-चर्र-चर्र’ ऐकू आलं, चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात. डिस्कच्या मागे पत्र्याची डस्ट प्लेट असते, तिच्यात आणि डिस्कमध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. स्क्रूड्रायव्हरनं काढला, आवाज बंद. जाता जाता रिमच्या फटीतून पॅड पाहिला, जाड दिसला. शंभर रुपये घेतले आणि गाडी सोडली.

खडा खरा होता, सकाळचा गंजही खरा होता. पण त्यांच्या तक्रारीशी दोन्हींचा संबंध नव्हता. मला एक कारण सापडलं म्हणून मी शोधणं थांबवलं होतं.

काकूंचं वर्णन

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी परत आली. या वेळी सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. बाई म्हणाल्या, “मला खरं तर फारसं ऐकूच येत नाही, आईंनाच येतं.” ते बरोबरच होतं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि आवाज होता डाव्या पुढच्या चाकात. त्याच्या सगळ्यात जवळचा कान सासूबाईंचा.

मी म्हटलं, “काकू, कसा येतो आवाज?”

“कढईत उलथनं घासावं ना, तसा. आणि ब्रेक मारला की नाही हो येत. सोडला की येतो. उजवीकडच्या वळणावर बदलतो.”

एवढं नेमकं वर्णन मला गाडी चालवणाऱ्यांकडून क्वचित मिळतं. काकूंनी आवाज कसला ते सांगितलं, आणि त्याहून कामाचं म्हणजे कधी येतो, कधी जातो तेही सांगितलं. आवाज कुठून येतोय हे ऐकून ओळखणं अवघड असतं. पत्र्याच्या डब्यात बसलेल्या माणसाला समोरचा आवाज खालचा वाटतो, मागचा पुढचा वाटतो. पण तो कोणत्या क्षणी येतो हे कुणालाही सांगता येतं आणि बहुतेक उत्तर त्यातच असतं. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर पॅड आणि डिस्कच्या पकडीकडे बघायचं. दाबल्यावर जात असेल तर काहीतरी सैल आहे किंवा सुटायला हवं ते सुटत नाही. ब्रेकचा काही संबंध नसेल तर खडा, डस्ट प्लेट किंवा बेअरिंग. बेअरिंगही वळणावर बदलतं, म्हणून काकूंच्या तिसऱ्या वाक्यानं मला थोडं घोटाळ्यात टाकलं. पण खराब बेअरिंग ‘हूंऽऽ’ करत घुमतं, वेगाबरोबर चढतं आणि ब्रेकवर पाय ठेवल्यानं गप्प होत नाही.

भिंतीकडेची चक्कर

मार्केट यार्डाच्या मागे लांबलचक दगडी भिंत आहे. तिच्या कडेनं डावी काच खाली करून ताशी २० नं गाडी नेली. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज मोकळ्या रस्त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू येतो. मी चालवत होतो, काकू आपल्या जागेवर, पोरगा मागे. मालकीणबाई गॅरेजवरच थांबल्या.

पाय ब्रेकवर नसताना बारीक ‘चर्रऽऽ’ सलग येत होतं. जूनमधल्या खड्यासारखा तुटक ताल त्याला नव्हता, फक्त किंचित कमीजास्त होत होतं. ताशी २० ला अशा गाडीचं चाक सेकंदाला साधारण तीन वेळा फिरतं. आवाज सेकंदाला तीनदा ‘चर्र’ असा तुटत असेल तर डिस्कच्या एखाद्याच जागी काहीतरी लागतंय. सलग असेल तर लागणारी वस्तू जागेवर आहे आणि डिस्क तिच्यावरून फिरतेय. म्हणजे पॅड.

पाय नुसता टेकवला आणि आवाज गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मग जोरात ब्रेक मारला. आत वेगळंच काहीतरी झालं, ‘खर्र’ असं, कानापेक्षा पायाला जास्त जाणवणारं. रिव्हर्स घेऊन परत पुढे आलो तर पहिल्याच ब्रेकला ‘टक’. एकदाच. दुसऱ्या ब्रेकला नाही. परत रिव्हर्स घेतला, परत पुढे आलो, परत एकदाच ‘टक’.

म्हणजे एका चाकात तीन आवाज. बारीक चर्र, पायाला जाणवणारी खर्र आणि दिशा बदलल्यावरचं टक. तिघांचं कारण एकच असेल असं धरून चालायचं नाही, पण शेजारी राहतात म्हणजे ओळख असणारच.

पाय टेकवल्यावर आवाज का जातो? ओलं बोट काचेच्या पेल्याच्या काठावरून फिरवलं की पेला वाजतो. बोट चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, सेकंदाला शेकडो वेळा. सैल टेकलेला पॅड फिरत्या डिस्कवर तेच करतो, आणि डिस्क पेल्यासारखी वाजते. बोट घट्ट दाबलं की पेला गप्प. ब्रेकची किंचाळी सहसा सेकंदाला हजारच्या वर कंपनांची असते, म्हणून ती कानात घुसते. लोखंडावर लोखंड घासल्याची खर्र खालच्या पट्टीतली असते आणि ती पेडलमधून तळपायाला कळते. काकूंना पहिली ऐकू येत होती, चालवणाऱ्या बाईंना दुसरी जाणवायला हवी होती. नंतर विचारलं तर म्हणाल्या, “पायाला येतं ते, पण मला वाटलं रस्ताच खराब आहे.” पाटणच्या पुढचा रस्ता बघता हा समज मी चुकीचा म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट. स्टिअरिंगवर बोटं हलकी ठेवली तर गाडी मोकळी चालताना किंचित डावीकडे जायची आणि ब्रेक मारला की उजवीकडे. परत आल्यावर हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, “म्हणून तर दोनदा अलाइनमेंट केली.” अलाइनमेंट बिघडलेली गाडी एकाच बाजूला जाते. ब्रेक मारल्यावर बाजू बदलणारी गाडी चाकांच्या कोनाबद्दल तक्रार करत नसते.

बिलं

तेव्हा कुठे मी जुनी बिलं मागितली. डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, तीन निघाली, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणची. पुढचे पॅड बदलले ४८,००० किलोमीटरला, मग ५७,२०० ला, मग ६३,९०० ला. आता मीटरवर ६८,४०० होतं. पाठकोऱ्या कागदावर आकडे एकाखाली एक लिहिले. कंपनीतून आलेले पॅड ४८ हजार चालले. पुढचे ९,२०० चालले, त्यापुढचे ६,७००, आणि आताचे ४,५०० मध्येच बोंबलायला लागले होते.

घाटामुळे पॅड लवकर झिजतात, असं प्रत्येक ठिकाणी बाईंना सांगितलं गेलं होतं. पण पहिले ४८ हजारही त्यांनी याच घाटात चालवले होते. घाट तोच, पाय तोच, मग बदललं काय? ४८ हजारला पहिल्यांदा कुणीतरी कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, उघडला, हे बदललं. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा धागा, आणि तो गाडीला हात न लावता, तीन चुरगळलेल्या कागदांवरून मिळाला. जूनमध्येही हे कागद त्याच कप्प्यात होते.

तिन्ही बिलांवर ‘फ्रंट पॅड सेट १’ एवढंच होतं. सेटमध्ये चार पॅड असतात, दोन चाकांना दोन-दोन. चारातला कोणता झिजला होता हे एकावरही नव्हतं. दर वेळी नवा सेट बसला की आवाज जात होता, त्यामुळे कुणालाच पुढे विचार करायची गरज पडली नाही.

उघडण्याआधी

मल्हारपेठच्या दिशेनं १२ किलोमीटर गेलो आणि वळून आलो. शक्य तितका ब्रेक टाळला, शेवटी गाडी आपोआप थांबू दिली. तापमानाच्या गननं डिस्क मोजल्या. डावी १६८ अंश, उजवी ७१. ही गन चकचकीत लोखंडावर खरं तापमान कमीच दाखवते, त्यामुळे आकडा तंतोतंत धरायचा नसतो. पण दोन्ही डिस्क सारख्याच चकचकीत, तेव्हा तुलना चालते. ब्रेक न मारता डावं चाक दुपटीहून जास्त तापलेलं होतं.

मला काळजी वाटली ती घाटाची. एक टन वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरली की साधारण दहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळेल. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातला बराच भाग इंजिन घेतं, नाहीतर सगळा ब्रेकवर. हे चाक घाटाच्या तोंडाशी पोहोचतानाच तापलेलं असणार. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी मुरल्यावर हीच अट १४० वर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं. पोफळीच्या वरच्या वळणांवर ते व्हायला नको. बाईंना मी त्याच वेळी सांगितलं, आजची गाडी इथेच राहील, शनिवारी एसटीनं जा.

गाडी लिफ्टवर घेतली. उजवं चाक हातानं फिरवलं, सव्वा फेरा गेलं. डावं अर्ध्यातच थांबलं. आता चाक अडकवून कोण ठेवतंय हे ठरवायचं होतं. जागा दोन. एक, ऑइलचा दाब आत अडकून राहतोय, म्हणजे ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी) आतून फुगलाय किंवा वर मास्टर सिलिंडरमध्ये, पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागात, गडबड आहे. दोन, दाब नाही, पण लोखंडच जागेवर अडकलंय. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. कॅलिपरवर ऑइल बाहेर काढायचं तोंड असतं, त्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून निपल अर्धा फेरा सैल केला. दाब अडकलेला असता तर ऑइल पिचकारीसारखं आलं असतं आणि चाक तिथल्या तिथे मोकळं झालं असतं. दोन थेंब आले. पोरानं चाक फिरवलं, तसंच जड. होज आणि मास्टर सिलिंडर संशयातून सुटले. अनेक जण या टप्प्यावर होज बदलून मोकळे होतात, आणि ग्राहकाला नवा होज मिळतो, जुना आवाज राहतो.

आत काय होतं

चाक उतरवलं. बाहेरचा पॅड समोर होता. मापला, ८ मिमी. पोरगा म्हणाला, “मामा, पॅड तर भरपूर आहे की.” जूनमध्ये रिमच्या फटीतून मी हाच पाहिला होता. फटीतून बाहेरचाच दिसतो. आतला पॅड डिस्क आणि कॅलिपरच्या मागे असतो, त्याला बघायला मान वाकडी करून आरसा लावावा लागतो किंवा कॅलिपर उचलावा लागतो.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवायला गेलो तर तो फिरेना. मग वरचा बोल्टही काढून अख्खा कॅलिपर पान्यानं हलवत सोडवला. आतला पॅड हातात आला तो पाचरीसारखा. वरच्या टोकाला ३ मिमी माल शिल्लक, खालच्या टोकाला काहीच नाही. नुसता पत्रा, निळसर, तापून चमकणारा. डिस्कच्या आतल्या तोंडावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा, नख अडकत होतं. पायाला जाणवणारी खर्र ती हीच.

पॅडला एक स्प्रिंग-पत्र्याची जीभ असते. माल दोनेक मिमी उरला की ती डिस्कला लागते आणि किंचाळते. चालकाला सावध करायची जुनी, स्वस्त आणि चांगली युक्ती. या पॅडवर ती होती, शाबूतही होती. पण वरच्या टोकाला, जिथे अजून ३ मिमी माल होता. खालचं टोक संपून पत्र्यावर आलं तरी पहारेकरी दुसऱ्या दारावर उभा.

आता कॅलिपर. या गाडीत ऑइलच्या दाबानं सरकणारा पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या जोरानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. चिमटा दोन्हीकडून बसतो तो पिना सरकतात म्हणून. पिना अडकल्या तर सगळं काम आतल्या पॅडवर येतं आणि ब्रेक सोडल्यावर तो नीट मागेही येत नाही. पण आतला पॅड अति झिजण्याचं दुसरंही कारण असतं, पिस्टनच जाम होणं. म्हणून जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लॅम्पनं पिस्टन दाबला. लोण्यात बोट जावं तसा गेला. त्याचा बूट, म्हणजे पाणी-धूळ अडवणारं रबरी आवरण, शाबूत, गंज नाही. पिस्टनही संशयातून सुटला.

वरची पिन बोटानं आतबाहेर झाली. खालची पाईप-पान्यानं पिळत पिळत काढावी लागली. तिचा बूट एका बाजूनं चिरला होता, आत पाणी गेलेलं. आणि पिनेवर तपकिरी, चिकट, साधं चेसिस ग्रीस. बेअरिंगला भरतो ते.

या गाडीत खालच्या पिनेच्या टोकाला छोटा रबरी बुश असतो, पिन खडखडू नये म्हणून. हे रबर ब्रेक ऑइलला टिकावं म्हणून निवडलेलं असतं आणि खनिज तेलाचं ग्रीस लागलं की ते फुगतं. नव्या किटमधला बुश मी बोटानं भोकात सरकवून दाखवला. जुना तोंडाशीच अडला. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले तर जुना जणू पाण्यात भिजलेला वाटाणा. ४८ हजारला कुणीतरी पॅड बदलले आणि मन लावून पिनांना ग्रीस भरलं. काम टाळणाऱ्यानं पिन पुसून तशीच बसवली असती, तर कदाचित ती अजून चालली असती! पुढच्या दोघांनीही बहुधा अडकलेली पिन पाहून आणखी ग्रीस भरलं असावं. दर खेपेला बुश थोडा अधिक फुगला आणि दर खेपेला पॅड लवकर संपले. बिलांवरचे आकडे उतरत का गेले ते इथे कळतं.

उजवीकडेही तेच ग्रीस होतं. तो बुशही फुगायला लागला होता, पिन जोर लावल्यावर सरकत होती. डावीकडे बूट चिरून पाणी शिरलं, गंज आला, म्हणून ती पुढे गेली. घाटात समोरून ट्रक आला की आपलं डावं चाक साइडपट्टीच्या चिखलात उतरतं. डावीकडचे बूट लवकर जातात असा माझा अनुभव आहे, पण तो फक्त अनुभव.

राहिला ‘टक’. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलची क्लिप असते. खालची क्लिप नव्हतीच. कधी पडली की टाकली देव जाणे. पॅड खाचेत सैल, पुढे जाताना एका कडेला, रिव्हर्समध्ये दुसऱ्या कडेला. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला तो कड बदलतो, तेव्हा टक. त्यानं धोका काही नव्हता.

पॅडच्या कडा कानशीनं तासलेल्या आणि अंगावर पॉलिश पेपरचे ओरखडेही होते. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी नुसता आवाज मारायचा प्रयत्न केलेला. पॉलिश पेपरनं आवाज महिनाभर जातो, यात शंका नाही. मीही उमेदवारीच्या काळात हेच शिकलो होतो.

दुरुस्ती

डिस्कच्या टोपीवर किमान जाडी २० मिमी कोरलेली होती. पोरानं व्हर्नियर लावला, २०.६. म्हटलं, “चालते की हो मामा.” पण व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठावर न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतात आणि जाडी फुगवून सांगतात. मायक्रोमीटर कंगोरा ओलांडून आत लावला, १९.४. लेथवर मारून सपाट करायचा प्रश्नच संपला. उजवी २०.९ होती. बाईंनी फोनवर विचारलं, “उजवी चांगली आहे ना, मग?” प्रश्न रास्त होता. नियमानं ती चालली असती. पण एकीकडे नवी आणि दुसरीकडे झिजलेली डिस्क घेऊन घाट उतरवायला माझा जीव होत नाही, तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोन्ही बदला.

दोन्ही बाजूंच्या पिना, बुश, बूट नवे. भोकं आधी स्पिरिटनं धुऊन कोरडी केली, जुन्या ग्रीसचा अंशही राहू दिला नाही. मग रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ. भोकात ग्रीस कोंबलं तर पिन आत जाताना हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. बुशवाली पिन खालीच जाईल याची दोनदा खात्री केली, कारण दोन्ही पिना दिसायला सारख्या असतात. खाचा तारेच्या ब्रशनं घासून नव्या क्लिपा. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं नवं भरलं. मागचे ड्रम उघडून पाहिले, धूळ सोडता काही नव्हतं. ती धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. पॅड-लायनरमध्ये काय काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं आणि फुप्फुसं आपली असतात.

एकूण ७,८४० रुपये झाले. ज्या भागामुळे हे सगळं घडलं, त्या पिनांच्या किटचे दोन्ही बाजूंचे मिळून त्यात ५२०.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांत बसवायला रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत, मध्यम जोरानं, दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही आणि मधे थंड व्हायला वेळ द्यायचा. बाईंना आधीच बजावलं, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हलकी ‘शूऽ’ येईल, ती नव्या मालाची आहे. आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन येतोच.

नंतर

मल्हारपेठची तीच १२ किलोमीटरची चक्कर परत मारली. डावी ७४ अंश, उजवी ७२. स्टिअरिंग सरळ. भिंतीकडेनं काच खाली करून गेलो, या वेळी काकू नव्हत्या, त्यामुळे पोराला त्यांच्या जागेवर बसवलं. त्याला काही ऐकू आलं नाही. मला त्याच्या कानापेक्षा काकूंच्या कानाचा भरवसा जास्त होता, म्हणून रविवारी त्यांना फोन लावला. म्हणाल्या, “नाही हो, आता नाही येत. फक्त मागे काहीतरी कुरकुरतंय.” ते डिकीतल्या आमसुलाच्या डब्याचं झाकण निघालं.

ऑक्टोबरमध्ये ७३,६०० ला गाडी बोलावून घेतली. डावा आतला पॅड ९.२ मिमी, बाहेरचा ९.४. उजवा ९.३ आणि ९.४. आधीच्या सेटचं याच सुमारास काय झालं होतं ते वर आलंच आहे.

या प्रकरणानंतर जॉब कार्डावर ‘पॅड’ असा एकच रकाना होता, त्याचे चार केले. डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. एक नवा बुशही चेसिस ग्रीसच्या बाटलीत बुडवून मांडणीवर ठेवला, महिन्याभरात चांगला गुबगुबीत झाला. शेजारच्या गॅरेजवाल्यांना दाखवतो. दोघांनी मान हलवली, तिसरा म्हणाला, “आमचे बाप पण हेच ग्रीस लावायचे.”

मागच्या आठवड्यात पोरानं एका टॅक्सीचं कार्ड आणून दिलं. बाहेरचे दोन्ही आकडे भरलेले, आणि आतल्या दोन्ही रकान्यांत लिहिलं होतं, ‘दिसत नाही.’ टॅक्सी गेटपर्यंत गेली होती. परत आणून चाक उतरवायला लावलं.